आसरांचं माहेर

माझ्या सासरचं तळं लई मोठं, पण खोली म्हणाल तर नावाला. मधोमध म्हैस उभी राहिली तरी तिची पाठ कोरडीच राहायची. गावातल्या आडांचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. त्यामुळं पिणं, धुणं, गुरं सगळं त्या तळ्यावर. मी कळंबच्या बाजारपेठेत गोड्या आडाच्या पाण्यावर वाढलेली, त्यामुळं पहिल्याच दिवशी नाक मुरडून बसले. निजामाच्या राज्यात नव्या सुनेच्या नाकाला किती किंमत असणार?

गावाकडच्या काठावर, म्हणजे उगवतीला, शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. त्यांना पहिला दहीभात दाखवायचा मान आमच्या घराचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. प्यायचं पाणी भरायचं ते फक्त त्या दगडांपाशी. दुसरीकडं घागर बुडवली तर आसरा रुसतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आषाढ लागला की पश्चिमेचं वारं सुटायचं आणि पाणी हळूहळू हिरवं व्हायचं. दगडांपाशी तर हिरव्या रंगाची दाट साय धरायची. सकाळी बायका तिथं हात जोडायच्या आणि म्हणायच्या, आसरांनी हिरवं लुगडं नेसलंय. मग घागरीच्या बुडानं ती साय जरा बाजूला सारून तिथलंच पाणी भरायच्या. वर दहीभात, नारळ, पिठाचे दिवे त्याच पाण्यात सोडायच्या. मी चार पदरी फडक्यानं गाळायचे, तरी रंग काही जायचा नाही.

त्या सालच्या आषाढात माझी लेक नुकतीच वरचं पाणी प्यायला लागली होती. तिला ढाळ लागले. मुरुडशेंग उगाळून झाली, तालुक्याहून हकिमाची पुडी आली. हकिमानं पाणी उकळून द्या असाही निरोप धाडला, पण पावसाळ्यात ओल्या सरपणावर भाकरीच जेमतेम भाजत होती. पोरीचे डोळे खोल गेले. ती रडायचीही बंद झाली तेव्हा मी खरी घाबरले.

अशातच एकदा भाकरी घेऊन मावळतीकडच्या रानात जायची पाळी आली. पलीकडच्या काठावर पाय धुवायला वाकले, तर पाण्याखालचे खडे दिसत होते. तळं तेच, पाणी मात्र निवळ. पाठीवर वारं लागत होतं आणि पाण्यावरचा हिरवा थर आमच्या गावाकडं सरकत होता. मला तिथंच राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

मग बांधावरून फेरा मारून मी रोज एक घागर तिकडून आणू लागले आणि पोरीला तेवढंच पाणी पाजू लागले. आठवडाभरात तिचे ढाळ थांबले. ती पुन्हा हातपाय झाडून रडू लागली, तेव्हा इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

चोरी लपली नाही. पलीकडची काळी माती माझ्या पायाला असायची आणि आमच्या काठावर मुरूम. सासूबाईंनी एका सकाळी माझे पाय बघितले आणि घागर उतरवायला लावली. आता माझी धडगत नाही असं धरून मी एकदाच बोलून टाकलं.

"आत्याबाई, वारं समदी घाण आपल्याच काठाला आणून लावतंय. पलीकडं पाणी निवळ हाय. पोर त्याच्यावरच बरी झालीय."

त्या घागरीत वाकून किती तरी वेळ बघत राहिल्या.

नागपंचमीच्या सकाळी त्यांनी दहीभात कालवला, ओटी घेतली आणि दगडांपाशी न थांबता बांधावरून पुढं चालू लागल्या. बायका गोंधळून मागोमाग. पलीकडच्या काठावर त्यांनी सात खडे मांडले, शेंदूर लावला आणि सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "पंचमीला लेकी म्हायेरी जात्यात. आसरा काय बाया न्हाईत व्हय? वारं पडंपतोर त्या हितं ऱ्हातील. तवर पाणी हितनंच भरायचं, आन् ह्या काठाला म्हशी सोडायच्या न्हाईत."

माहेराला नाही कोण म्हणणार? गडीमाणसं लांब पडतं म्हणून कुरकुरली, पण घागरी काही त्यांच्या डोक्यावर नव्हत्या. दर साली ते वारं सुटलं की आसरा माहेरी जायच्या, असाच पुढं रिवाज पडला. त्या हिरव्या सायीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक झाडं असतात, थोडी असली तर मासे जगतात, माजली तर पाणी नासतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या पंचमीला परतताना सासूबाईंनी माझी लेक स्वतःच्या कडेवर घेतली. बायका पुढं गेल्यावर त्या बांधावर थांबल्या.

"माझी दोन लेकरं आखाडातच गेली, पोरी," त्या म्हणाल्या. "जातानासुदिक म्या त्यांच्या तोंडात हेच पाणी घातलं. परसाद म्हणून."

मला रडू फुटलं. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, माझ्या घागरीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि नातीच्या ओठाला लावलं.

"पी माय," त्या तिला म्हणाल्या, "तुज्या वाट्याला हे आलंय."