फणसाच्या पाच फळ्या

त्या गाडीचा पंचनामा लिहायला मला साडेतीन तास लागले होते. मोटारसायकलचा वीस मिनिटांत होतो. कदाचित म्हणूनच तो गुन्हा निवृत्तीनंतरही तपशीलवार लक्षात आहे. साल १९९९. मी रत्नागिरीत पोलीस उपनिरीक्षक होतो.

फिर्यादी निवृत्त गणित शिक्षिका, वय चौसष्ट, एकट्या राहणाऱ्या. वडील डॉक्टर. खेड्यांतल्या रुग्णांकडे जायला त्यांनी घेतलेली, स्वातंत्र्याच्या आधीची विलायती मोटार आंब्याच्या पेट्यांच्या शेडमध्ये पंचवीस वर्षं बंद उभी होती. बाई भावाच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मुंबईला गेल्या. परतल्या तेव्हा शेडमध्ये चाकांखालचे चार चिरे तेवढे उरले होते.

बागेचा राखणदार म्हणाला, "टेंपो घेऊन चार माणसं आली, साहेब. बायनं गाडी दुरुस्तीला दिलीय म्हणाली. मी पण ढकलायला हात लावला."

"वर त्यांना कोकम सरबत पाजलंस," बाई म्हणाल्या.

"उन्हाचे आले होते, बाय."

फिर्यादीत गाडीची किंमत काय लिहू, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "माझे गुडघे फार तर आणखी दोन वर्षं क्लच दाबतील. त्याच्या आत मला ती एकदा चालवायची आहे. किंमत तुम्ही ठरवा."

नोंदणी पुस्तक वाळवीने निम्मं खाल्लं होतं, पण इंजिन नंबर शाबूत होता. मी आकड्यांवर भरवसा ठेवणारा माणूस. तो नंबर सगळ्या ठाण्यांना कळवला आणि बाईंना दुसरं काहीच विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चहावाल्याने हवालदाराला सांगितलं की एक मेकॅनिक हल्ली शटर अर्धं ओढून काम करतो. "एवढ्या उकाड्यात शटर कोण ओढतो हो?" एवढंच तो म्हणाला, पण तेवढं पुरेसं होतं. आम्ही छापा घातला. ताडपत्रीखाली जुनी मोटार होती. रंग खरवडून काढलेला, दारं उतरवलेली, चासी नंबरची पट्टी गायब. इंजिनवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी एका अंकानेही जुळत नव्हता.

मेकॅनिक पन्नाशीचा, शांत. "कोल्हापूरकडून भंगारात घेतली, साहेब. ही पावती." पावती होती. त्याला ठाण्यात पाठवल्यावर बाईंना गाळ्यावर आणून गाडी दाखवली; त्याला त्यांनी पाहिलंच नाही. बाई म्हणाल्या गाडी आमचीच. पण रंगाशिवाय, दारांशिवाय त्यांनाही खूण दाखवता येईना. इंजिन वडिलांनी कधीतरी बदललं असेल आणि नोंद केली नसेल, असं त्यांचं म्हणणं. 'असेल' वर आरोपपत्र होत नाही. मी त्याला सोडायच्या बेतात होतो.

नियमाप्रमाणे गाळ्यातली प्रत्येक वस्तू लिहिताना भिंतीला टेकवलेल्या पाच जुन्या फळ्या निघाल्या. सर्वांत लांब एक्केचाळीस इंच. दोन पंचांपैकी एक मिऱ्या बंदरावरचा मच्छीमार होता. त्याने फळी उलटी केली. "साहेब, ही होडीची जोडणी. तांब्याचे खिळे, फटीत कापूस आणि वर डांबर. फणसाचं लाकूड आहे."

बाईंना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं: गाडीचा तळ कुजला होता, तेव्हा वडिलांनी खाडीपलीकडच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून नवा करून घेतला होता. सुतार ऐंशी पार केलेला. त्याला जीपने आणला. त्याने खिळ्यांवरून अंगठा फिरवला. "ही माझीच. डॉक्टर बोलले, पायाशी पाणी येतं. मला होडीशिवाय दुसरं येतंय काय? मी होडीच केली."

फळ्या टेबलावर ठेवून मी मेकॅनिकला विचारलं, "घाटावरचा कुठला सुतार मोटारीला फणस घालून वर डांबर भरतो?"

त्याने सर्वांत लांब फळी हाताने सरळ केली. मग म्हणाला, "नवा तळ बसेपर्यंत जुना टाकायचा नसतो, साहेब. मापाला लागतो."

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. पावती खोटी होती; इंजिन मात्र गाडीत आधीपासून तेच होतं. बाईंकडे गाडी विकत द्या म्हणून तो तीनदा गेला होता. नकार मिळाल्यावर माणसं पाठवून उचलली. "तिथे ती कुजत होती. मला बघवेना. आता मला आत टाका, पण तिला तुमच्या आवारात ठेवू नका. पत्रा उघडा आहे. खारा वारा महिन्यात खाईल."

ते खरं होतं. आमच्या आवारात जप्त गाड्यांचे सांगाडे उभेच होते. मी फोटो काढून घेतले आणि न्यायालयाच्या आदेशाने गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर, बाईंना दिली. आरोपीला जामीन झाला. अट अशी, की फिर्यादीशी संपर्क ठेवायचा नाही.

पंधरा दिवसांनी बाई ठाण्यात आल्या. "ती अट काढता येईल का? गिअरबॉक्स खोललेली आहे. गावात ती दुसऱ्या कुणाला जुळवता येत नाही. मी चार जणांना विचारलं."

"बाई, तो तुमचा आरोपी आहे."

"माहीत आहे. पण माझे गुडघे तारीख पे तारीख थांबायचे नाहीत."

त्यांनी अर्ज केला. न्यायालयाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. काम बाईंच्या शेडमध्ये, त्यांच्यासमोर व्हावं, एवढं लिहून मी हरकत घेतली नाही. वरिष्ठांनी कपाळाला हात लावला.

दीड वर्षाने खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलांनी बाईंना विचारलं, "गाडी आता कुठे आहे?"

"बाहेर उभी आहे. मीच चालवत आणली."

"दुरुस्त कुणी केली?"

"आरोपीने. उत्तम केली."

"मग तुमची तक्रार तरी काय?"

"दुरुस्ती मला विचारून केली. नेली न विचारता. तक्रार नेल्याची आहे."

आरोपीने मान खाली घातली. त्याला शिक्षा झाली, आणि बाईंनी साक्षीत एक शब्दही सौम्य केला नाही.

मी मात्र तीन आठवडे वाया घालवले होते. ही वस्तू तुमच्याकडे आधी कुणी मागितली होती का, एवढं पहिल्या दिवशी विचारलं असतं तर नाव तेव्हाच मिळालं असतं. पुढे चोरीच्या प्रत्येक फिर्यादीत, नंबर लिहून घेण्याच्या आधी, मी तेच विचारू लागलो. बरेच फिर्यादी म्हणायचे, "हो, एक जण आला होता."