मांतेका म्हणजे लोणी नव्हे

कॅनडातल्या ओकव्हिलच्या एका बेसमेंटमध्ये आमचे सहल-आयोजक दर हिवाळ्यात मेक्सिकोच्या सहलीची माहिती देतात. मूळचे वसईचे, घरात जुने पोर्तुगीज शब्द रुळलेले. भित्तिचित्रं, पिरॅमिडच्या पायऱ्या, बाजारातलं जेवण, सगळं टेबलावर पेन्सिल ठोकत सांगतात. 'माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नव्हतं.

यंदा पहिला प्रश्न जोशी काकूंनी विचारला. काकू पक्क्या शाकाहारी. "गेल्या वर्षीचा तो घोटलेला राजमा मिळेल ना? त्याच्यासाठीच परत येतेय."

पेन्सिल थांबली.

"काकू, त्यात मांतेका असतं. पोर्तुगीजमध्ये मांतेगा म्हणजे लोणी, म्हणून मी बेधडक लोणी सांगितलं. स्पॅनिशमध्ये ती डुकराची चरबी. मला परत आल्यावर कळलं."

खोलीत आम्ही चौदा जण होतो. निम्मे शाकाहारी होते आणि बुकिंग अजून कोणीच केलेलं नव्हतं.

"मग बोललात कशाला? मला कुठे कळणार होतं?" काकू म्हणाल्या.

"तुम्ही पुन्हा खाल्लं असतंत."

काकूंनी पर्समधून चष्मा काढला. "माझं नाव लिहा. आणि 'यात चरबी आहे का' हे स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून द्या. यंदा मीच विचारीन."