आखणीचा हात

"हे बघा, मिठागरावरचा हात. या हाताला मी गणपतीचे डोळे काढायला शिकवतोय."

असं म्हणत दादांनी मुंबईच्या गिऱ्हाइकांसमोर माझा हात मनगटाला धरून वर उचलला. तळवा उलटा करून मीठ ओढून पडलेले घट्टे दाखवले. गिऱ्हाइकं हसली. त्यांच्या बायकाही हसल्या. दादांनी हात सोडला नाही, अंगठा तळव्यावर घासत राहिले. मीही हसले. दुसरं काय करायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पेणमधला गणपतीचा कारखाना होता तो. दादा मालक. गावात मोठा मान, देवळाच्या कमिटीवर, कपाळाला गंध. मी कासू गावची, मिठागरावर राबणाऱ्यांची पोर, एसटीने यायची. कारखान्यात आम्ही बायका पॉलिश पेपर मारायचो, पितांबर रंगवायचो. डोळ्यांची आखणी मात्र पुरुषांची. डोळे काढणाऱ्याला स्टूल, त्याला आधी चहा, त्याच्याशी कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मला ते स्टूल हवं होतं. फार हवं होतं.

दादांनी दिलं. मला वाटलं, देव पावला.

आखणीत कुंचला डोळ्यावर टेकला की हलायचं नाही. श्वाससुद्धा धरायचा. जरा हात कापला की मूर्तीची नजर फिरते. दादा मागून येऊन उभे राहायचे. कुंचला टेकेपर्यंत थांबायचे. मग "सैल सोड, सैल," म्हणत एक हात माझ्या हातावर, दुसरा कमरेवर. मग कमरेच्या वर. मी दगड. समोर अर्धा डोळा उघडलेला देव.

मी स्वतःला समजवायची, शिकवणं असंच असेल. हात धरूनच शिकवतात ना? घरी गेल्यावर खसाखसा अंग घासायची आणि तरी म्हणायची, असंच असेल. किती मूर्ख होते! मूर्ख नव्हते, एकटी होते. विचारायचं कुणाला?

एकदा शेवंतामावशीला विचारलं. ती कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. तिने मान वर न करता पितांबराची किनार पुरी केली.

"सगल्यांना झालाय गो. सीझन संपला का इसरायचा."

त्यानंतर ती माझ्याशेजारी डबा खायला बसेना.

मग रोह्याकडचा एक बाप्या आखणी शिकायला आला. दोन लेकरांचा बाप, माझ्यापेक्षाही कच्चा. दादा त्याच्यापासून चार हात लांब, हाताची घडी घालून उभे. तोंडानेच सांगत होते, "मनगट टेकव. श्वास धर. आता ओढ." तो शिकला. छान शिकला. दादांनी त्याला बोटही लावलं नाही.

मी पितांबराचा रंग ढवळत ते बघत होते. माझ्या हातातली काडी थांबली. म्हणजे लांबून शिकवता येतं. म्हणजे माझ्याबरोबर चाललं होतं ते शिकवणं नव्हतंच. इतके दिवस आतून जे ओरडत होतं ते खोटं नव्हतं. रडू आलं नाही. संताप आला, पायापासून डोक्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या मूर्तीचा डोळा माझ्याकडे होता. कुंचला टेकला. मागून हात आला.

मी हलले.

मुद्दाम, अख्खी वळले. काळी रेघ डोळ्यातून निघाली, कपाळावरून थेट मुकुटात गेली. सगळ्यांनी पाहिलं. दादांचा हात अजून माझ्या अंगावर होता, तोही पाहिला.

"दादा, हात काढा," मी म्हटलं. मोठ्याने.

त्यांनी हात काढला. तोंड लाल झालं. "देवाचा डोळा फोडलास तू! हातपाय धू, देवाची माफी माग आणि पुसून दे."

"पुसणार नाय. माफी मागंन ती देवाची, आणि ती माझी मी मागंन. तुमच्यासमोर नाय."

रोह्याचा तो बाप्या कुंचला धूत राहिला. शेवंतामावशीने पाठ फिरवली. मी चपला घातल्या आणि निघाले. एसटी स्टँडपर्यंत कुणी मागून येईल असं वाटत होतं. कुणी आलं नाही.

आई म्हणाली, "गप ऱ्हा गो. नाव आपलाच खराब व्हईल." झालंही. गावात मी देवाचा डोळा बिघडवणारी झाले. पेणमध्ये दुसऱ्या एकाही कारखान्याने मला उभं केलं नाही. गणपतीत आरतीच्या वेळी माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. त्या वर्षांइतकं एकटेपण मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पण त्या वर्षांत अंग घासावं लागलं नाही.

रोह्याला भाड्याच्या खोलीत मी स्वतः माती कालवली. पहिल्या वर्षी मूर्ती मोजक्याच झाल्या. डोळे सगळे माझे.

आता माझ्याकडे मुली शिकायला येतात. पहिल्याच दिवशी कोऱ्या मूर्तीसमोर बसवते, कुंचला डोळ्यावर टेकवायला लावते आणि चार हात लांब उभी राहते. मग सांगते, मागून कुणाचा हात आला, तो कुणाचाही असो, तर हलायचं. डोळा बिघडू दे. मूर्ती बिघडू दे. पांढरा रंग माझ्याकडे भरपूर आहे.

तू हलायचंस. मी बघते पुढचं.