दहा वेळा सहा

खेळण्यांच्या कारखान्यात फासे तपासायचं टेबल बावीस वर्षं एकाच बाईंकडे होतं. सगळे त्यांना फासेमावशी म्हणत. टेबलावर एक वही, एक वाटी आणि मिठाच्या पाण्याचा ग्लास, एवढाच त्यांचा संसार. साच्यात प्लास्टिक ओतताना कधीकधी आत हवेचा बुडबुडा राहतो आणि फाशाची एक बाजू हलकी होते. असा फासा मिठाच्या पाण्यात तरंगवला, की कितीही टिचकी मारा, फिरून तीच बाजू वर. मग मावशी तो साठ वेळा टाकत, वहीत रेघा ओढत आणि शांतपणे बाद करत. बाद फाशाबद्दल त्यांना राग नसे. घराघरांतली पोरं त्यापायी एकमेकांच्या झिंज्या उपटतील, एवढंच त्या म्हणत.

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांच्याबरोबर नवा नियम आला. तपासणीच्या टेबलावर बसायचं तर संख्याशास्त्राची प्राथमिक परीक्षा पास हवी. संधी दोनच. नाहीतर खोकी चिकटवायच्या खात्यात बदली. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त नियम आवडत.

पहिल्या खेपेला मावशी सपशेल आपटल्या. एक फासा टाकला, सहा पडण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न होता. त्यांनी लिहिलं, ‘फासा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.’ फाशांवर आणखी सात प्रश्न होते. सातही ठिकाणी त्यांनी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. आता यात बाईंचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा, पण मार्क पडले अठरा.

लेक कॉलेजात हाच विषय शिकत होती. तिने आईची शिकवणी हातात घेतली आणि आठवड्याभरात तिच्या नाकी नऊ आले. तसं नाण्यांचं मावशींना काही अवघड नव्हतं. छापा की काटा, निम्मं-निम्मं; नाणी टाकसाळीत कोणीतरी तपासतच असणार. पत्त्यांचंही जमलं, कारण कारखान्यात पत्ते बघणाऱ्या बाईंवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. दोन फाशांची बेरीज सात येण्याचे सहा प्रकार त्यांनी न अडखळता सांगितले. तीन-चार आणि चार-तीन वेगळे कसे, यावर लेकीच्या वर्गात तास गेला होता. मावशी म्हणाल्या, दोन फासे आहेत, प्रत्येकाचं आपापलं असणारच.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पुस्तकातला प्रत्येक फासा चांगला, हे त्यांच्या गळी उतरेना. कोणी तपासला, असं त्या विचारत. शेवटी लेकीने हात टेकले.

‘‘आई, परीक्षेत फासा दिसला की डोळे मिटायचे आणि एक षष्ठांश लिहायचं. तुला तुझं टेबल हवंय ना?’’

टेबल हवं होतं. त्या टेबलाशिवाय आपण कोण, हे मावशींना खरंच माहीत नव्हतं. त्या रोज सकाळी चहा गाळताना एक षष्ठांश घोकू लागल्या.

दुसऱ्या परीक्षेत शेवटचा प्रश्न दोन मार्कांचा होता. एक फासा दहा वेळा टाकला. दहाही वेळा सहा पडला. अकराव्या वेळी सहा पडण्याची संभाव्यता किती?

मावशींनी प्रश्न दोनदा वाचला. बावीस वर्षांत दहा वेळा ओळीने सहा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘फासा बाद.’ मग घड्याळाकडे पाहिलं. खोक्यांचं खातं आठवलं, डिंकाचा वास आठवला. त्यांनी दोन्ही शब्द खोडले आणि एक षष्ठांश लिहिलं.

पास व्हायला पस्तीस लागत. मावशींना छत्तीस पडले. मॅनेजरने सगळ्यांसमोर अभिनंदन केलं आणि सर्टिफिकेट टेबलामागच्या भिंतीवर स्वतः ठोकलं.

घरी लेक हरखून गेली होती. तो एक प्रश्न चुकला असता तर चौतीसवर अडकली असतीस, असं तिने दोनदा सांगितलं. मावशी मात्र चप्पलही न काढता खुर्चीत बसून होत्या. काय झालं म्हणून लेकीने विचारलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

‘‘त्या फाशात बुडबुडा होता गं. मला कळत होतं. तरी मी तो जाऊ दिला.’’

‘‘अगं, तो कागदावरचा फासा होता.’’

‘‘तेच तर,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आता परत कुठून मागवू?’’