बाबगोंडाच्या नावाची कडी

गावाला जेट बोट मिळाली तेव्हा सगळ्यांनी तिचा वेग विचारला. रामगोंडा चौगुल्यानं एकट्यानं विचारलं, "हिच्या पंख्यात मासं तुटायचं न्हाईत न्हवं?"

बोट देणाऱ्या पुण्याच्या मंडळातला पोरगा म्हणाला, "नाही काका. पंखा आत आहे, तोंडाला जाळी आहे. मासे नाहीत आणि पोहणारी माणसंही नाहीत."

जैनाच्या घरातल्या माणसाला आणखी काय पाहिजे? रामगोंडानं तिथल्या तिथं बोट चालवायचं पत्करलं. उभी हयात त्यानं पाणीपुरवठा संस्थेच्या पंपावर काढलेली. त्याच्या मते जेट बोट म्हणजे नदीवर सुटलेला पंपच. तळातून पाणी ओढायचं, मागं फेकायचं, की बोट पुढं. आणि पंप म्हटलं की चिंचमळीतला कुणीही माणूस, गुडघ्याएवढा असो की काठी टेकत चालणारा, स्वतःला तज्ज्ञच समजतो. उसाचं गाव ते.

बोट चालवण्यामागं आणखी एक कारण होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचा बाप बाबगोंडा. दोन हजार पाचच्या पुरात याच बाबगोंडानं गुऱ्हाळाची काहील, रस उकळायची ती भलीथोरली कढई, पाण्यात लोटली आणि मळ्यातली माणसं एकेक करून गावात आणली. पुढं पंचायतीनं पूरवीरांचा फलक लावला. फलकाचा खर्च ज्यानं केला त्याची सगळी भावकी त्यात आली, बंगल्याच्या गच्चीवर बसून पूर बघणारा त्याचा मेव्हणाही आला. बाबगोंडा तेवढा राहिला. म्हातारा गेला तेव्हा कपाळावर आठी नव्हती. ती आठी रामगोंडाच्या कपाळावर आली.

कारण चिंचमळीत नाव नसलेली वस्तू सापडत नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नावं आहेत. पंखा फिरताना ती वाचता येत नाहीत, त्यामुळं वीज गेली की दात्यांना जरा बरं वाटतं. बाकड्यांवर नावं आहेत, पाण्याच्या टाकीवर आहेत. स्मशानात न्यायच्या गाडीवरही 'सप्रेम भेट' लिहिलंय. ती कुणाला भेट, हे विचारायची सोय नाही.

तर अशा गावात बोटीची कडी झिजली.

पंख्याभोवती एक कडी असते. पंखा आणि कडी यांच्यात केसाएवढी फट. नदीची वाळू खाऊन खाऊन कडी झिजते, फट रुंदावते, पाणी मागं जायचं ते आतल्या आत घसरतं. मग इंजिन आभाळ डोक्यावर घेतं आणि बोट जागची हलत नाही.

"नव्या जावयागत झालीय," रामगोंडा गावच्या बोट समितीपुढं म्हणाला. "आवाज लय, काम न्हाई. पावसाळ्याआधी कडी बदलाय पायजे."

समितीचे अध्यक्ष लालासाहेब, रिटायर सुभेदार. मूळचे वडूजकडचे, चिंचमळीत सासुरवाडीच्या जमिनीवर स्थायिक. "बदली कर दो," ते म्हणाले. "त्यात काय मीटिंग?"

"दोन परकार हायती. कंपनीची प्लास्टिकची हाय. न्हाईतर स्टीलची करून घ्यायची."

"प्लास्टिक?" लालासाहेबांनी तो शब्द पायात काटा मोडावा तसा उच्चारला. "पुरात माणसं काढायची बोट, आन् कडी प्लास्टिकची? उद्या वल्ही कागदाची करशील."

"आवं, कडी झिजायलाच असती. खडा आला तर कडी खरवडती, पंखा वाचतो. स्टीलला स्टील लागलं की—"

"आन् नाव कुठं घालायचं?" भांडीवाले नाथाजी मधेच म्हणाले. इस्लामपुरात त्यांचं दुकान. आख्ख्या तालुक्याच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर त्यांच्या मशीननं नावं कोरलेली. "स्टील असंल तर मी फुकट कोरून देतो. रामगोंडा, लेका, तुझ्या बाचं नाव घालू. त्या फलकावर ऱ्हायलंच की त्येचं."

रामगोंडाच्या तोंडातलं उरलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

घरी त्यानं राजमतीला सांगितलं. ती कांदा-लसूण न घालता केलेल्या आमटीला फोडणी देत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "तुमच्या मनात काय हाय?"

"प्लास्टिकच बरी."

"मग?"

"प्लास्टिकवर नाव टिकत न्हाई."

"मामंजींनी नावासाठी लोटली व्हती व्हय काहील?"

याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. पण ते आमटीपुढं बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तो जेवून उठला.

इस्लामपूरच्या लेथवर अमृत टर्नरनं स्टीलची कडी कातून दिली. मापं घेताना तो म्हणाला, "अण्णा, पंखाबी स्टीलचा, कडीबी स्टीलची. फट जरा जादा ठेवूया. घासलं तर दोनी चिकटत्यात."

"जादा ठेवली तर पाणी चोरतंय," रामगोंडा म्हणाला. हे त्याचं पंपावरचं ज्ञान. उसाला पाणी देणाऱ्या पंपाची कडी घट्टच बसवायची, हा त्या भागातला धर्म. त्या पंपाला पुराचा गाळ कधी प्यावा लागत नाही, ही गोष्ट त्या दिवशी त्याला आठवली नाही. किंवा आठवली आणि त्यानं तिला बसायला जागा दिली नाही.

कडीच्या बाहेरच्या अंगाला नाथाजींनी वळणदार अक्षरात कोरलं : 'कै. बाबगोंडा आदगोंडा चौगुले यांचे स्मरणार्थ.' एकदा बसवली की ते नाव कुणालाच दिसणार नव्हतं. म्हणून आधी टेबलावर ठेवून कडीची पूजा झाली. हार घालायचा प्रश्न आला, तो गोलाकार वस्तूला घालावा की गोलाकार वस्तूतून घालावा यावर थोडा खल झाला. फोटो निघाला. रामगोंडानं तो फ्रेम करून बापाच्या फोटोशेजारी लावला. महिनाभर तो ताठ चालला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बापाचं नाव पंचायतीच्या माईकवरून गावानं ऐकलं होतं.

मग गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं.

मळ्याकडं पहिली फेरी रामगोंडानंच मारली. म्हातारी रंगूबाई, तिची सून, दोन नातवंडं आणि एक शेळी. शेळीला सोडून यायला रंगूबाई तयार नव्हती. परत येताना मधल्या धारेला बोट सुसाट निघाली, आणि रामगोंडाच्या छातीत काहीतरी फुलून आलं. "बाच्या नावाची कडी हाय मावशे!" तो इंजिनच्या आवाजावर आवाज काढून ओरडला.

एवढ्यात आत काहीतरी कडकन वाजलं. जाळीतून बारका खडा गेला असावा. प्लास्टिक असतं तर खरवडून गेला असता. इथं पंखा कडीला घासला, गरम झाला, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. इंजिन बंद. बोट धारेला लागली ती बाभळीत जाऊन अडकली.

काठावर गाव उभं होतं. लालासाहेबांनी बोलावलेला चॅनेलवालाही उभा होता. दुपार कलेपर्यंत पावसात ती पाच माणसं आणि शेळी बाभळीला धरून बसली. शेवटी सरकारी रबरी बोट आली. सगळे वाचले.

बाभळीत असताना रंगूबाई एकदाच बोलली. "तुझ्या बानं मला काहिलीत बसवून नेलती रं. वल्हं न्हवतं, परातीनं पाणी वडलं त्येनं. काहील कुठं अडली न्हाई." मग शेळीला जवळ ओढत म्हणाली, "कशाला नाव घातलंस त्येचं ह्यात?"

रामगोंडानं शेळीच्या अंगावर टॉवेल टाकला.

पाणी उतरल्यावर समितीची बैठक झाली. लालासाहेब म्हणाले, "चालवणाऱ्याची चूक. कडी एकदम मजबूत होती." ते मात्र खरं होतं. पंखा कुऱ्हाडीनं तोडल्यासारखा झाला होता, आणि कडीवरचं अक्षर न अक्षर शाबूत होतं. बोट दुसऱ्याच्या हाती गेली. रामगोंडानं वाद घातला नाही. फोटो भिंतीवरून काढावा का, हे त्यानं राजमतीला विचारलं. ती म्हणाली, "कुठला? दोन हायती."

चॅनेलवर मात्र बाभळीतली बोट चांगली तीन-चार दिवस चालली, आणि गावच्या पोरांनी बाबगोंडाच्या नावासकट तिचा जो बोभाटा केला तो पार तालुक्याच्या पलीकडं गेला.

दिवाळीनंतर रामगोंडा सांगलीला निघाला होता. आष्ट्याच्या अलीकडं एसटी घरघरली आणि थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. मागच्या सीटवरची कॉलेजची पोरगी मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "अगं यायला उशीर होईल. गाडीचा बाबगोंडा झालाय."

रामगोंडा सावकाश मागं वळला. "बाळ, काय झालंय म्हणालीस?"

"बाबगोंडा. म्हंजे अडली हो गाडी, मधेच."

"बाबगोंडा कोण?"

"कोण न्हाई हो काका," ती हसली. "असंच म्हणत्यात आमच्याकडं."

खाली उतरून माणसं गाडी ढकलायला लागली होती. रामगोंडाही उतरला, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं त्यानं खांदा लावला.