आत्याबाईंचं ऊन पाणी

आमच्या आत्याबाईंना राग आला की त्या आंघोळ करायच्या. भांडी आपटणं नाही, अबोला नाही, उपास नाही. मामंजींशी शब्दाला शब्द लागला की निमूट उठायच्या, परसातल्या चुलवणावर तांब्याचा हंडा चढवायच्या आणि पऱ्हाट्या मोडून खाली सारायच्या. धूर वर निघाला की शेजारची चाँदबी कुडावरून मान काढायची.

"भाबी, आज क्या हुआ? धुवाँ लई काळा हाय."

"पऱ्हाट्या वल्या हायत."

"पऱ्हाट्या का भाईसाब?" म्हणून ती हसायची, आणि आत्याबाई हसू लपवायला फुंकणी तोंडाला लावायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे, शेवटचे दिवस चालू होते तेव्हा मी माकणीहून येरमाळ्याजवळच्या त्या खेड्यात सून होऊन आले. तिसरीत शाळा सुटली ती या लग्नापायीच; नांदायला आले ती मोठी झाल्यावर. स्वभाव मुळातच धास्तीचा. कडी वाजली तरी माझे तळहात गार पडायचे.

त्यांची न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, एका बाजूला गोणपाटाचा पडदा आणि खाली एक घासून गुळगुळीत झालेली शिळा. सकाळची आंघोळ सगळ्या घरासारखी त्याही भराभर उरकायच्या, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या. पण दिवस कलताना घ्यायचं हे ऊन पाणी वेगळं. "सकाळची आंघोळ देवाची," त्या म्हणायच्या, "ही माझी." त्या पाण्यात निरगुडीचा पाला पडायचा. पाणी आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, कमरेवर, शेवटी खांद्यांवर. डोक्यावर घ्यायचं नाही. "डोस्कं न्हालं की माणूस झोपतं. खांदं न्हालं की माणूस ईचार करतं."

त्यांचं माहेर कानडी मुलखातलं. एरवी बोलणं पक्कं इथलं, पण न्हाणीत शिरल्या की कानडी सुरू. तांब्यागणिक एक वाक्य. ओसरीवर बसलेल्या मामंजींना त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण आपलंच चाललंय एवढं कळायचं. शेवटी "साकु" ऐकू यायचं, म्हणजे पुरे. मग त्या ओल्या पायांनी बाहेर यायच्या, चेहरा नुकत्या निजून उठलेल्या लेकरासारखा.

"आज आमच्या किती पिढ्या उद्धरल्या?" मामंजी विचारायचे.

"तुमच्यापुरतंच बोलले. तुमची आई चांगली व्हती."

गावात पाणी आडावरून ओढून आणायचं. तेव्हा बायका टोमणे मारणारच. "कामं टाकून दिवसाढवळ्या न्हायला ही काय राणी हाय का?" आत्याबाई घागर काखेला लावत शांतपणे सांगायच्या, "तुमी तोंडाची वाफ दवडता, मी पाण्याची दवडते. पाणी मीच वढलंय आन् सरपण बी माझंच हाय." अंगावरून ओघळलेलं पाणी तरी वाया जात नसे, न्हाणीमागच्या शेवग्याला त्याच्यावरच शेंगा धरायच्या, आणि टोमणे मारणाऱ्या त्याच बायका त्या शेंगा मागायला यायच्या.

मी नवी असताना एकदा माझ्या हातून दुधाची अख्खी चरवी सांडली. मी गोठ्यात जाऊन गव्हाणीमागं बसले. आत्याबाईंनी मला शोधलं, रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "ऊठ. पाणी तापलंय." न्हाणीत एकीकडं कढत पाण्याचं घंगाळ, दुसरीकडं विसणाला गार पाण्याची कळशी. मी हात बांधून उभी. त्या म्हणाल्या, "ईसण तूच घाल. तुझ्या कातडीला किती सोसतं ते मला कसं कळावं?" माहेरी आईनं, इथं नणंदांनी, नेहमी कुणीतरीच माझं पाणी विसणलं होतं. पहिल्या दिवशी मी घाबरून इतकं गार पाणी ओतलं की कुडकुडले. पुढं जमायला लागलं.

मग ती दुपार आली. मला आठवा लागला होता. जवळच्या एका गावात रझाकारांनी कडब्याच्या गंजी पेटवल्याची बातमी आली आणि आमचं गाव बोचकी बांधू लागलं. निजामाच्या राज्याबाहेरची, जुन्या सवयीनं इंग्रजीच म्हणायची ती हद्द बार्शीकडं, गाडीनं दिवसाची वाट. मामंजी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता निघायचं. सुनेला इथं ठेवायचं न्हाय." आमचे हे म्हणाले, "त्या दगडाच्या वाटंनं? गाडीत काय झालं तर?" दोघांचे आवाज चढले. मी चुलीपाशी बसून होते. सकाळपासून पोट दगडासारखं ताठलं होतं, मूल हललं नव्हतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत्याबाई उठल्या आणि परसात गेल्या. धूर निघाला.

"अगं, गाव पळतंय आन् तू पाणी तापवतीस?" मामंजी ओरडले.

"तवर बैलांना वैरण घाला. उपाशी बैल हद्दीपत्तुर जात न्हाय."

या वेळी पाणी माझ्यासाठी होतं. मी विसण घातलं, त्यांनी तांब्यानं सावकाश कमरेवर धरलं. निरगुडीचा वास, बाहेर गाड्यांचा खडखडाट. पाठ सैल पडली तशी जीभही सैल पडली. मी सांगून टाकलं.

"सकाळधरनं?" त्या म्हणाल्या. "आन् बोलली का न्हाईस?"

"सगळेच घाबरले होते. त्यात माझं आणखी कशाला?"

त्या तशाच पाणी धरत राहिल्या. हळूहळू पोटाचा ताठरपणा उतरला, आणि डाव्या कुशीत एक लाथ बसली. मी त्यांचा हात तिथं ठेवला. त्यांनी डोळे मिटले, तेवढ्यापुरतेच.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "जायचं का ऱ्हायचं?"

"तुम्ही सांगाल तसं."

"पोर काय माझ्या पोटात हाय? गाडीचा हिसका कुणाला बसणार, मला? तू सांग."

मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. मी घंगाळात आणखी एक तांब्या विसण घातलं. मग म्हणाले, "जायचं. पण जिथं दगड, तिथं मी उतरून चालणार. मऊ मातीत बसणार. गाडी माझ्या बेतानं चालवायची. आणि तुम्ही पण यायचं."

"मी न्हाय. म्हैस आज-उद्या व्यायची हाय. दोन गाभण्या एका गाडीत बसत न्हाईत." कुडापलीकडून चाँदबीचा आवाज आला, "भाबी मेरे पास रहेगी. तू जा, बेटी." त्या बाईनं सगळं ऐकलं होतं, आणि त्या दिवशी मला तिचा राग आला नाही.

आत्याबाईंनी ओसरीवर येऊन सांगितलं, "सूनबाईनं ठरवलंय." आणि माझं म्हणणं जसंच्या तसं ऐकवलं.  सुनेनं ठरवायचं हे मामंजींच्या घरात नवीनच होतं. मग त्यांनी बैल जुंपले. खडकाळ उतारांवर मी यांच्या हाताला धरून चालले. दम लागला की बसले, आणि त्यासाठी कुणाची परवानगी विचारली नाही.

मुलगा बार्शीलाच झाला. मोगलाई संपल्यावर परतलो तेव्हा कडब्याची गंज जळून गेली होती, घर मात्र उभं होतं. त्या दिवसांत आत्याबाई चाँदबीच्या घरी झोपत होत्या, म्हैस आणि रेडकासकट.

पुढं यांच्या नोकरीमुळं आम्ही बडोद्याला आलो ते कायमचे. आत्याबाई गेल्या तेव्हा तार उशिरा मिळाली. मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. माझी धास्ती काही गेली नाही. अजूनही कडी वाजली की हात गार पडतात. पण घरातला कुठलाही अवघड निर्णय मी दुसऱ्यावर टाकलेला नाही.

मामंजी शेवटपर्यंत पाहुण्यांना रंगवून सांगायचे, की असल्या दिवसांत सुनेला आपण हद्दीपार कसं सुखरूप नेलं. आत्याबाई ते सगळं ऐकून घ्यायच्या, पाहुण्यांपुढं चहाच्या कपबश्या ठेवायच्या आणि आत जाता जाता म्हणायच्या, "तुमी बैल न्हेलं. तिला तीच घिऊन गेली."