सोयरिकीच्या पानावरचं हिरवं मांस

मांस कसं कापावं हे मला कुणी शिकवू नये. राजांच्या अमलात जव्हारच्या बंगल्यावर पाहुणे शिकारीला आले की मी रान उठवायला हाक्यात जायचो, आणि एरवी तिथल्या खानसाम्याला पाणी भरायचो. तो अख्खी तंगडी उकडून गार करायचा आणि सकाळी लांब सुरीनं तिचे पानासारखे पातळ काप काढायचा. आमच्या पाड्यावर मांस म्हणजे कोयत्यानं हाडासकट तोडायचं आणि हंडीत टाकायचं. मी दोन्ही पाहिलं होतं, म्हणून दोन्ही मला येतं असं मी धरून चाललो.

एकदा हाक्यात रानडुक्कर पडलं आणि मागची तंगडी माझ्या वाट्याला आली. दुसऱ्याच दिवशी सूर्यमाळहून माझ्या सोयरिकीसाठी मुलीचा बाप आणि मामा यायचे होते. मुलीकडचे मुलाच्या घरी जेवले की सोयरीक पक्की, न जेवता उठले की मोडली. मुलगी मी बाजारात पाहिली होती आणि दुसरी मला नको होती. आत्या म्हणाली, कोयत्यानं तोड, मी रस्सा करते. मी म्हटलं, रस्सा त्यांनी घरीही खाल्लाय. तंगडी मिठाच्या पाण्यात अख्खी उकडली, रात्रभर गार होऊ दिली, सुरीला दगडावर धार लावली आणि सकाळी पळसाच्या पानांवर काप मांडले.

पाहुणे अंगणात जेवायला बसले. ऊन तिरपं येत होतं. मामानं एक काप उचलला आणि तसाच धरून ठेवला. मांसावर हिरवा रंग होता, कडेला जांभळा, पारव्याच्या मानेवर असतो तसा.

मुलीच्या बापानं विचारलं, डुक्कर कधी पडलं? काल, मी सांगितलं. त्यानं वास घेतला. वास चांगला होता, म्हणून तो जास्तच घाबरला. मामानं विषाचं नाव काढलं. माझ्या बानं आत्याकडं पाहिलं, आत्यानं माझ्याकडं.

मी काप तळहातावर घेऊन जरा फिरवला. रंग गेला. परत फिरवला, तर आला.

"बघा. रंग मांसात नाही, उजेडात आहे."

"विष निदान जागेवर राहतं," मामा म्हणाला. "येतं-जातं ते भूत."

भूत वगैरे काही नव्हतं. मांस म्हणजे बारीक धाग्यांची जुडी. कोयत्यानं ते चेंगरतात. धारदार सुरीनं आडवे कापले की सगळी ओली टोकं एका सपाटीत येतात, आणि त्यांच्यावर उजेड फुटून रंग दिसतात, कोळ्याच्या जाळ्यावर सकाळी दिसतात तसे. माझी धार चांगली होती, एवढाच गुन्हा. पण हे सगळं मला पुढं सावकाश उमगलं. त्या वेळी मी खाऊन दाखवलं. आधी माझ्या पानावरचं, मग मामाच्या, मग बापाच्या.

मग सगळे मी मरतो का ते बघत बसले. ऊन डोक्यावर आलं. आत्यानं हळूच विचारलं, पोटात काही होतंय का? दुखत असतं तरी मी सांगितलं नसतं.

शेवटी मामा म्हणाला, "मरायचा असता तर एव्हाना आडवा झाला असता."

"ते पटलं," मुलीचा बाप म्हणाला. "पण आता आम्ही खायचं काय?"

आत्यानं सुके बोंबील भाजले, नागलीच्या भाकरी थापल्या. पाहुणे पोटभर जेवले आणि सोयरीक पक्की झाली. निघताना मुलीचा बाप माझ्याशी नाही, माझ्या बाशी बोलला. मुलगी दिली, पण लग्नाचं मांस आमचा माणूस तोडेल. मी नाही म्हणालो. एवढ्यावरून लग्न पुढच्या वर्षावर गेलं. मी आणखीही थांबलो असतो, पण मोखाड्याकडचं कुणी तिला बघून गेल्याचं कानावर आलं. तेव्हा मी मोठ्या मनानं त्यांचं ऐकलं.

लग्नात त्यांच्या माणसानं मांस तोडलं. ओबडधोबड, हाडांच्या कपच्यांसकट. मी त्याला हात लावला नाही. तिच्याकडच्या बायका उपाशी नवऱ्यावर गाणी जोडू लागल्या. नवरीनं माझ्या पानाकडं पाहिलं.

"खायचं नसेल तर इकडं द्या," ती म्हणाली, आणि माझा वाटा खाऊन मोकळी झाली.